लावीबाईंचं गवत

त्या पाणथळ राज्यात पिल्लाच्या अंगावर पिसं दिसू लागली, की त्याला कुणाकडे तरी शिकायला घालावं लागे. पूर्वी पिल्लं आईबापांच्या मागे फिरून शिकत. पण आता आईबाप कामावर असत आणि कामं उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत.

टिटवीचं काम पहाऱ्याचं होतं. बांधाच्या सगळ्यात उंच ढेकळावर उभं राहायचं आणि घार, कोल्हा, साप, काहीही दिसलं की ओरडायचं. तिचा नवरा पलीकडच्या तीरावर हेच करी. त्या दोघांच्या भरवशावर बदकं निवांत तरंगत, करकोचे डोळे मिटून उन्हं खात. संध्याकाळी नवरा-बायको भेटत तेव्हा दोघांचेही घसे बसलेले असत.

त्यांना एकच पिल्लू होतं, ठिपक्या. अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून तो चालत होता, आणि चालताना थांबून प्रत्येक खड्याकडे बघत होता. दिवसभर तो आईच्या पायाशी असे. त्यामुळे टिटवीचा एक डोळा आभाळावर आणि एक पिल्लावर राही, आणि तिला कळत होतं की असा अर्धा पहारा फार दिवस चालायचा नाही.

तिच्याआधी ते सातभाईंना कळलं. बांधाखालच्या झुडपात त्यांचा मुक्काम होता आणि सगळ्या राज्याच्या पिल्लांची त्यांना काळजी होती.

“कुठं घालणार ठिपक्याला?” एकाने विचारलं.

“बघतेय अजून.”

“अजून?” दुसरा म्हणाला. “आमच्या पुतण्याचं तर तो अंड्यात असतानाच ठरलं होतं.”

मग सातही जण एकदम बोलू लागले. टिटवीला त्यातलं फारसं काही समजलं नाही, पण उशीर झालाय एवढं मात्र समजलं. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याकडे विषय काढला.

“तुला योग्य वाटेल तिथं घालू,” नवरा म्हणाला.

“मला काय योग्य वाटतं तेच मला कळत नाहीये. तुला काय वाटतं?”

“मला काय, सगळ्याच बऱ्या वाटतात,” असं म्हणून त्याने मान पंखात घातली. टिटवी मात्र बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दोन्ही तीरांवर लक्ष ठेवायला सांगून ती ठिपक्याला घेऊन तळ्यावर गेली. तिथली बगळ्यांची शाळा सगळ्यात जुनी होती. उथळ पाण्यात पिल्लांच्या रांगा एका पायावर उभ्या होत्या, आणि एवढ्या पिल्लांत एकाचाही आवाज नव्हता. टिटवीला हे आवडलं, तरी तिने ठिपक्याला पंखाजवळ ओढलं.

मोठ्या बगळ्याने ठिपक्याला पाण्याच्या काठाशी उभं केलं. “पाण्यात काय दिसतं?”

ठिपक्याने वाकून पाहिलं. “मी.”

“आणखी?”

“माझ्यामागं आई.”

“इथं मासा दिसावा लागतो,” बगळा शांतपणे म्हणाला. मग तो टिटवीकडे वळला. “शिकेल हळूहळू. पण ऊन डोक्यावर आलं की आम्ही पिल्लं सोडतो. तेव्हा न्यायला कोण येणार?”

“तेव्हा आम्ही दोघंही पहाऱ्यावर असतो.”

“मग पहारा महत्त्वाचा, की पिल्लू महत्त्वाचं, ते आधी ठरवून या, बाई.”

टिटवीला बोलायचं होतं. तुमच्या रांगा इतक्या निवांत उभ्या राहतात, त्या कुणाच्या जिवावर, हे विचारायचं होतं. पण ठिपक्याला पुढे घालून ती परतली.

त्यानंतर ती मोराच्या माळावर गेली. तिथे आईबापांचं स्वागत फार अगत्याने झालं. प्रत्येक पिल्लाच्या शेपटीत मोराचं एक गळलेलं पीस खोवलेलं होतं आणि ती पिल्लं गोल गोल फिरून दाखवत होती. ठिपक्यालाही एक पीस खोवण्यात आलं. ते त्याच्या दुप्पट लांब होतं. तो दोन पावलं चालला, मागे ओढला गेला आणि मटकन खाली बसला. बघणाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, “आई, ते पीस आपलं होतं का?”

“नाही.”

“मग ते मला का लावलं?”

टिटवीने पावलं उचलली. तिला उन्हं चढायच्या आत बांधावर पोचायचं होतं.

वाटेत बाभळीखाली उंच गवताचा एक पट्टा लागला. तिथे एक लावी पिल्लं सांभाळते असं टिटवीने ऐकलं होतं, पण त्या जागेचं नाव कुणी अभिमानाने घेत नसे. ती थांबली ती केवळ ठिपक्या थांबला म्हणून. गवतात कुठे तित्तराचं, कुठे पाणकोंबडीचं, कुठे चंडोलाचं पिल्लू उकिरडा उकरावा तसं जमीन उकरत होतं. टिटवीने सवयीने नजर फिरवली. कुंपण नव्हतं. बाभळीचे काटे पडलेले होते. पलीकडे एक बीळ होतं, आणि वर सगळं आभाळ उघडं.

“बीळ रिकामं आहे,” गवतातून बाहेर येत लावी म्हणाली. “रोज सकाळी बघते मी.”

“लावीबाई, इथं तुम्ही शिकवता काय?”

“गवतातून चालायला शिकवते. खाण्यातलं काय आणि न खाण्यातलं काय, ते दाखवते. आणि वरून सावली आली की हूं की चूं न करता जमिनीला टेकायचं, हे मात्र रोज करून घेते.”

“एवढंच?”

“बाकीचं ती एकमेकांकडून शिकतात. मला थांबवता येत नाही.”

टिटवीने सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी विचारला. “मला न्यायला यायला उशीर होईल. कधी कधी फार उशीर होईल.”

“या की. मी कुठं जातेय,” लावी म्हणाली.

टिटवीने वळून पाहिलं तर ठिपक्या शेजारी नव्हता. तो चंडोलाच्या पिल्लाबरोबर एका खड्याभोवती फिरत होता.

असं ते ठरलं, पण टिटवीच्या मनातून ते ठरलंच नाही. बांधावर उभी राहून ती बाभळीकडे बघत राही. ठिपक्या रडत असेल, बिळात काही शिरलं असेल, बगळ्याकडे जरा आर्जव करायला हवं होतं, असं काही ना काही तिच्या मनात येई. एका दुपारी वाऱ्याने उडालेल्या वाळक्या पानाला पाहून ती जिवाच्या आकांताने ओरडली. बदकं पाण्यात बुडाली, करकोच्यांची झोप उडाली, सगळं राज्य सैरावैरा झालं.

पाणथळीचा मुकादम लांब चोचीचा म्हातारा ढोक होता. तो सावकाश बांधावर आला. “टिटवे, पान होतं ते.”

“चुकले.”

“तुझ्या आवाजावर सगळ्यांच्या माना खाली जातात. तू उगाच ओरडलीस तर उद्या खऱ्याला कोण मान खाली घालेल?” मग त्याने बाभळीकडे पाहिलं. “आज जाऊन ये एकदा. नवऱ्याला सांग दोन्हीकडे बघायला.”

टिटवी निघाली. ऊन लख्ख होतं. बाभळीजवळ येताच तिला गवताच्या मोकळ्या जागेत पिल्लांचा घोळका दिसला. ठिपक्या कुठे आहे, एकटा बसलाय का, हे नीट दिसावं म्हणून ती खाली, आणखी खाली घिरटी घेत आली.

तेवढ्यात घोळक्यातून एक बारीक, धारदार आवाज उठला. “टिट-टिव्. टिट-टिव्.”

तो आवाज तिचाच होता, फक्त लहान. क्षणात सगळी जागा रिकामी झाली. टिटवीने आभाळात घार शोधली. आभाळात काहीच नव्हतं.

ती उतरली. समोर ढेकळं होती, खडे होते, वाळकी पानं होती. त्यातली काही श्वास घेत होती, पण कुठली ते तिच्या कसलेल्या डोळ्यांनाही ओळखता येईना. हाक मारायला तिने चोच उघडली आणि तशीच मिटली. लावीबाईही कुठे दिसेनात.

तिने पायाशी पडलेल्या स्वतःच्या सावलीकडे पाहिलं. मग ती हळूच पंख पसरून उडाली आणि बांधाकडे वळली. तिची सावली गवतावरून सरकत निघाली, आणि जिथून जिथून ती सरली, तिथे तिथे मागे गवत हलू लागलं.