माळ्यावरची जागा

यंत्रं माणसांच्या माघारी आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. हेरंब नावाच्या संगीतकाराच्या खोलीत नवा सॅम्पलर आला. दुसऱ्याचा सूर एकदा ऐकला की तो हुबेहूब काढायचा. त्याने बाजाच्या पेटीकडे गोडीगुलाबीने एक सूर मागितला. तिने कौतुकाने दिला, आणि आठवड्याभरात गरज न उरल्याने ती माळ्यावर गेली. मागोमाग ढोलकीही गेली.

"आजोबा, आता तुमचा सूर द्या," सॅम्पलर म्हणाला.

कोपऱ्यातल्या जुन्या कीबोर्डने झटकन आपला आवाज शून्यावर नेला.

"भिता कशाला? एकच तर मागतोय!"

इतक्यात हेरंब आला, त्याने नवं खोकं फोडलं आणि तो चहाला गेला. आतल्या नव्या यंत्राचा कोवळा आवाज आला, "दादा, तुमचे सगळे सूर द्याल मला?"

सॅम्पलर कीबोर्डला हळूच म्हणाला, "आजोबा, काय करू?"

कीबोर्डने वर माळ्याकडे पाहिलं. तिथे अजून दोघांपुरती जागा होती.