तीन चोचींचा नियम

त्या राज्यात जगाचे सात पट्टे मानलेले होते. चौथा सर्वांत चांगला, कारण ग्रंथ लिहिणारे पक्षी तिथे राहत. सातवा अगदी उत्तरेला. तिथे कोणीच गेलेले नव्हते, त्यामुळे त्याच्याविषयीची माहिती सर्वांत पक्की होती. 'सातव्या पट्ट्यातील पक्षी पांढरे असतात. उन्हाळ्यात तिथला सूर्य मावळत नाही. त्या पक्ष्यांत जोडी नसते. थव्यात कोण कोणाचे, हे त्यांना ठाऊक नसते,' असे महाग्रंथात लिहिले होते.

यातल्या शेवटच्या वाक्याला बाजारात फार मान होता. राज्याचा कायदा दयाळू होता: जोडी फोडून विकायची नाही. ज्यांना जोडीच नाही, त्यांना अर्थातच तो लागू नव्हता.

एका उन्हाळ्यात त्या बाजारात पितळी पिंजऱ्यातून उत्तरेचा एक हंस विकायला आला. त्याच्या मागोमाग उडत त्याची हंसीही आली. काझीच्या गादीवर एक घार होती. तिने हंसीला सांगितले, "ग्रंथातले वाक्य बदलून आण. वीस दिवस विक्री थांबवते."

हंसी ग्रंथशाळेत गेली. तिथला मुख्य लेखक एक म्हातारा हुदहुद्या होता.

"उस्ताद, ते वाक्य खोटं आहे."

"तू कोणाकडून ऐकलंस?"

"ऐकायचं काय त्यात? मी तिथलीच. अकरा वर्षं एकाच हंसाबरोबर राहिलेय."

"म्हणजे कोणाकडूनच ऐकलेलं नाहीस." हुदहुद्याने सुस्कारा सोडला.

ग्रंथशाळेचा नियम जुना होता. बातमी तीन प्रतिष्ठित चोचींतून आली, तरच ती लिहायची. ज्याच्यावर ती गुदरली, त्याची चोच धरत नसत. तो साक्षीदार नव्हे, विषय.

हुदहुद्या मनाने वाईट नव्हता. "असं कर बाई, कावळ्याला सांग. तो साळुंकीला सांगेल, साळुंकी करकोच्याला. करकोच्याने मला सांगितलं की लगेच लिहितो."

"आणि मी आत्ता तुमच्यासमोर उभी आहे, त्याचं काय?"

"ते मी पाहिलेलं नाही, असं धरू."

कावळ्याने त्याच दिवशी ऐकून घेतले; पण पुढे सांगताना त्यात स्वतः अनुभवलेले एक वादळ घातले. ते वगळायला दोन दिवस गेले. साळुंकी अंड्यांवर बसली होती. पिल्ले बाहेर येईपर्यंत शास्त्राविषयी बोलायचे नाही, असे तिचे व्रत होते. करकोच्याने एकदा उपासाच्या दिवशी बेडूक खाल्ल्याचा प्रवाद होता. चौकशी नऊ दिवस चालली. बेडूक लहान होता, असा निर्वाळा मिळाला.

रोज संध्याकाळी हंसी पिसे भिजवून उन्हाने तापलेल्या पिंजऱ्यापाशी जाई. हंस गजांतून मान काढून त्या ओलाव्याला टेकवी.

"झालं का काम?" त्याने एकदा विचारले.

"दोन चोची झाल्या."

"आपल्याकडे एक पुरायची," तो म्हणाला. त्या दिवसानंतर त्याने खाणे टाकले.

विसाव्या दिवशी सकाळी करकोचा बोलला. हुदहुद्याने वाक्य खोडले, नवे लिहिले आणि त्याची नक्कल हंसीला दिली. ती घेऊन हंसी घारीकडे गेली. नक्कल ठीक होती. शिक्का मात्र आतल्या पेटीत होता आणि पेटी उघडणारा झोपला होता. तिसऱ्या प्रहरी घारीने हुकुमावर शिक्का मारला.

हंसी बाजारात पोचली, त्याआधीच भर दुपारच्या उन्हात हंस मेला होता. व्यापारी कायदा पाळणारा होता. त्याने हुकूम दोनदा वाचला, पिंजऱ्याचे दार उघडले आणि म्हणाला, "घेऊन जा. आता जोडी फोडता येणार नाही."

हंसी वर उडाली. पिंजऱ्याच्या बरोबर वर ती फेऱ्या घालू लागली आणि प्रत्येक फेरीला एकदाच ओरडू लागली.

सारी ग्रंथशाळा गच्चीवर आली. सातव्या पट्ट्यातला आचार प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची ही पहिलीच वेळ. बगळ्याने उंची अजमावली, पारव्याने आवाज टिपला: खोल, तुटक. फेरी डावीकडून. 'कारण' या रकान्यापाशी येऊन सगळ्यांनी हुदहुद्याकडे पाहिले.

त्याला कारण ठाऊक होते. पण त्याची चोच एकच होती. त्याने रकाना कोरा सोडला.

पाचव्या फेरीला जेवणाची घंटा झाली. 'फेऱ्या पाच' असे लिहून, ओळीखाली रेघ मारून सगळे आत गेले. वर सहावी फेरी सुरू झाली होती.