पहिली पत्रावळ निवेपर्यंत

तांबडखिंडीच्या ऐन माथ्यावर एक सपाट कातळ आहे. त्याच्या एका हाताला सुळगड, दुसऱ्या हाताला मोरगड. मध्ये हाक ऐकू जाईल एवढंच अंतर. चैत्रातल्या जत्रेला दोन्ही अंगांची गावं ज्वारी घेऊन इथे चढतात. चढण्याआधी कोयते, कुऱ्हाडी, अगदी बंदोबस्ताच्या पोलिसाची काठीसुद्धा खालच्या चिंचेशी ठेवावी लागते. याचं कारण इथले जुने लोक असं सांगतात.

फार पूर्वी हे गड दोन शेजारी राजांचे होते. भांडण खिंडीच्या जकातीचं. बापांनी सुरू केलं, मुलांनी वारशाने घेतलं. दोघांनीही दुसऱ्याची रसद तोडून पाहिली. पण या डोंगरात धान्य-मीठ आणणारा लमाणांचा तांडा एकच. तो अडवला की आपलंही कोठार रिकामं. शेवटी ठरलं, तांड्याला कोणी हात लावायचा नाही आणि तांड्याने दोघांना सारखं द्यायचं. तांड्याच्या नाइकाने लिंबाच्या पाल्यावर मीठ ठेवून तशी शपथ घेतली. मोरगडाला शपथ पुरली. सुळगडाने मात्र जामीन मागितला आणि नाइकाचा मुलगा गोमला वर ठेवून घेतला.

पुढे नाईक वारला. त्याची बायको थावरी तांडा हाकू लागली. ती नवऱ्याहून शब्दाची पक्की. एका गडाचं पोतं वाटेत फाटलं, तर दुसऱ्याच्या पोत्यातूनही ती तेवढंच धान्य काढून ठेवी, म्हणे. दर खेपेला शिपाई गोमलाला तटावर उभा करत. ती खालून हात उंचावी, आणि बैल वळवी.

एका खेपेला सुळगडाचा कारखानीस, म्हणजे कोठारावरचा कारभारी, खुशीत म्हणाला, "नाईकीणबाई, तू अशीच सारखं देत राहा. आम्हांला हरायचं भय नाही."

थावरीचे पाय थबकले. हेच वाक्य तिने मोरगडावरही ऐकलं होतं. खिंड उतरताना ती झऱ्याशी बसली, ओंजळ भरली, न पिताच सांडली. ती ज्याला न्याय समजत होती, त्यानेच कोणाला जिंकू दिलं नव्हतं आणि कोणाला थांबूही दिलं नव्हतं.

पुढच्या हंगामात लादलेला तांडा कातळावर आला आणि तिने बैल बसवले. देवीच्या कौलाने बैल आपणच बसले, असं काही जण सांगतात. इथल्या म्हाताऱ्यांना ते पटत नाही. बैल बसले नाहीत, बाईने बसवले.

तिचा दीर हुन्या संतापला. पोरगा वर आहे, विसरलीस का, म्हणाला.

"धान्य देते म्हणून तो जगतो," थावरी म्हणाली, "आणि धान्य देते म्हणूनच सुटत नाही. किती वर्षं नुसता हात हलवू?"

तटावरून कोणी ओरडलं, "नाईकीण, बैल म्हातारे झाले की तू?"

"तुमची लढाई म्हातारी झाली, बाबा. जेवायला या. हात रिकामे ठेवून या."

धान्य उघड्यावर होतं, पण हिसकावता येईना. हत्यार घेऊन जो खिंडीत उतरेल, तो समोरच्या गडाच्या बाणांच्या टप्प्यात येई. दोन्ही फौजा वरून नुसत्या बघत राहिल्या. कोठारं खरवडून झाली. थावरी रोज चूल पेटवी, ज्वारीच्या घुगऱ्या शिजवी. वास दोन्ही तटांवर जाई. बसून तिला राहवत नसे. चुलीपासून सुळगडाच्या वाटेपर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई. तटावर गोमला दिसत नव्हता.

अखेर मोरगडाचा एक शिपाई कमरेची तलवार काढून ठेवून उतरला. सुळगडाने धनुष्यं ताणली, पण बाण सुटला नाही. त्याला मारलं तर आपल्याला कोण उतरू देणार? मग दोन्हीकडून माणसं उतरू लागली.

सगळ्यांत शेवटी सुळगडाचे दोघे घोंगडीची झोळी करून आले. कोठार आटलं तेव्हा पहिला घास जामीन ठेवलेल्या पोराचाच तोडला होता. त्यांतला एक मान खाली घालून म्हणाला, "वास आला तेव्हा म्हणाला, आईची चूल आहे. मला खाली न्या. आम्ही उचलला, आई. अर्ध्या वाटेवर गेला."

थावरी चुलीकडे वळली. मग तिने एक पत्रावळ वाढली आणि गडाच्या वाटेकडे तोंड करून ठेवली. कोणी घास उचलला नाही. पत्रावळीवरची वाफ विरली, तेव्हा थावरी त्या दोघांना म्हणाली, "आता बसा. तुम्हीही उपाशी आहात."

जेवलेली माणसं पुन्हा गडावर चढलीच नाहीत, असं सांगतात. राजे वर राहिले आणि लढायला कोणी उरलं नाही.

आजही जत्रेला दोन्हीकडची ज्वारी एकाच हंड्यात पडते. पहिली पत्रावळ सुळगडाच्या वाटेकडे ठेवतात आणि ती निवेपर्यंत कोणी खात नाही. भुकेली पोरं चुळबुळतात, हात पुढे करतात. मग पंगतीतली एखादी म्हातारी तो हात धरून हळूच म्हणते, "थांब जरा. गोमला उतरतोय."