कारभाऱ्याने दोर धरला

“आणि दोर तुटला तर?” महंत सदाशिवगिरींनी विचारलं.

त्यांचा शिष्य मुकुंदगिरी याच प्रश्नाची वाट पाहत होता. दुसरा दोर रथामागच्या बैलगाडीत तयार आहे, तो म्हणाला, आणि बांधणारी माणसंही त्याच गाडीत बसवलीत.

“पाऊस आला तर?”

ताडपत्री कळसाखाली गुंडाळलेली आहे. नुसती गाठ ओढायची.

“पेठेतून रथ जाईना झाला तर?”

“कासार गल्लीतून वळवायचा, बाबा. ती वाट मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलीय. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.”

महंतांनी आणखी काही विचारलं नाही. ते गोधडीवर बसून सुपारी कातरत राहिले...

मुकुंदगिरीला जरा हिरमुसल्यासारखं झालं. त्याच्याकडं अजून बरीच उत्तरं शिल्लक होती.

सांगवखेड्याच्या मठाचा रथ दुपारी निघतो आणि नदीकाठच्या पारावर जातो. दिवस मावळला की रथ ओढायचा नाही, असा नेम आहे. जिथं असेल तिथं देवानं रात्र काढायची.

गेल्या साली देवानं ती पेठेत काढली, भांड्यांच्या दुकानासमोर. कुणीतरी गर्दीत नुसता “चला” म्हणून ओरडला, एका बाजूची मोगरी निघाली, दुसऱ्या बाजूची राहिली, आणि रथ फिरून दुकानाच्या ओट्यावर चढला. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. रथ थांबतो तो तिच्यावर आणि वळतोही तिच्यावरच.

पुढं वर्षभर पंचक्रोशीत मठाची टर उडाली. देव पातेलं घ्यायला गेला होता म्हणे.

ते मुकुंदगिरीच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं महंतांचे पाय धरले. उत्सवाचा कारभार एकदा माझ्याकडं द्या, म्हणाला. दिवस असेतो रथ पारावर नेला नाही, तर पुन्हा कधी तोंड वर करून मागणार नाही.

महंतांनी दिला. आणि पठ्ठ्यानं खरोखर जिवाचं रान केलं. प्रत्येक संकटाला तोड काढली. त्या सगळ्यावर एक कडक नियम बसवला: आवाज कुणाचाच ऐकायचा नाही. लाल निशाण हललं तरच मोगरी काढायची, आणि तेही मुकुंदगिरीच्या हातात हललं तर. दुसऱ्याच्या हातात दिसलं तर ते फडकं समजायचं.

“तू कुठं उभा राहणार?” महंतांनी उठता उठता विचारलं.

“रथावर, पुढच्या कठड्याशी. तिथून सगळं दिसतं.”

महंतांनी मान डोलावली आणि ते धोतर खोचायला लागले.

रथ निघाला तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल असे घुमत होते की पोटात धडधड व्हावी. गच्च्यांवरून लाह्या आणि झेंडूची फुलं येत होती. मुकुंदगिरी कठड्याशी उभा होता आणि निशाण हलवत होता. निशाण हललं की मोगऱ्या निघत, दोर ताठ होई, आणि तीन मजली रथ करकरत पुढं सरके. एवढं गाव आपल्या मनगटावर चालतंय हे पाहून त्याची छाती भरून आली होती. यायलाच हवी होती, त्यानं घाम गाळला होता.

पेठेच्या तोंडाशी वाटेतला शेवटचा थांबा झाला. ऊन अजून गच्च्यांच्या भिंतींवर होतं. पार आता हाकेच्या अंतरावर.

त्यानं खाली पाहिलं तर महंत दोराच्या पुढच्या टोकाशी उभे. या वयात दोर धरून. त्यांनी त्याला हातानं बोलावलं.

“बाबा, मी इथं लागतो,” तो वाकून म्हणाला.

“ये...”

“पण—”

“शेवटचा टप्पा आहे. ये.”

गुरूला नाही कसं म्हणणार? आणि खरं तर पुढची पेठ सरळसोट होती. त्यानं निशाण हलवलं, मोगऱ्या निघाल्या, तसं ते कमरेला खोचून तो उतरला आणि धावत जाऊन महंतांच्या शेजारी दोर धरला.

दोराचाही एक नेम आहे. एकदा धरला की पुढचा ठरलेला थांबा येईपर्यंत सोडायचा नाही, मध्येच रथ अडला तरी नाही, एक हातसुद्धा नाही. ज्यानं सोडला त्याच्या घरचा नैवेद्य त्या साली देवाला चालत नाही. मठाचा माणूस म्हटल्यावर मठाचाच नैवेद्य बुडायचा.

रथ पेठेत शिरला आणि पुढं एकच गलका झाला. व्यापाऱ्यांनी उभारलेली स्वागताची कमान एका पायावर कलली होती. बांबू मोडून आडवा लोंबत होता. मोगरीवाल्यांनी चाकांखाली मोगऱ्या सारल्या आणि रथ जागच्या जागी थांबला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं झालं.

कासार गल्ली डाव्या हाताला मोकळी होती. मुकुंदगिरीला मनातून आनंदच झाला. हे तर आपण धरूनच चाललो होतो.

त्यानं वाट पाहिली. दोर ताठ होईना.

मागून आरडाओरडा ऐकू यायला लागला. निशाण कुठंय? मुकुंदबाबा कुठं गेले? कठड्यावर तर कुणीच नाही.

“गल्लीनं घ्या,” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. ढोल घुमत होते. ज्यांना ऐकू गेलं त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कुणी हललं नाही.

गच्चीवरचं ऊन भिंत चढून वर सरकलं.

शेवटी मोगरीवाल्यांचा म्होरक्या, उखर्डू मिस्तरी, त्याला शोधत गर्दीतून पुढं आला. घामानं निथळत होता.

“अरे, गल्लीनं घे म्हणतोय ना मी,” मुकुंदगिरी म्हणाला.

“तुमचाच हुकूम आहे, बाबा. आवाज ऐकायचा नाही.”

“माझाही नाही?”

“कुणाचाच नाही म्हणाला होतात.” उखर्डूनं हात जोडले. “तेवढं निशाण हलवा ना.”

निशाण कमरेला होतं आणि हात दोरावर.

“माझ्या कमरेचं काढ आणि तू हलव.”

उखर्डूनं निशाणाकडं पाहिलं, हात पुढं केला, पुन्हा मागं घेतला. आपल्या हातात दिसलं तर पोरं ते फडकं समजतील, म्हणाला. त्यांना तसंच शिकवलंय.

सगळ्या संकटांना मुकुंदगिरीनं माणसं नेमली होती, आणि ती सगळी माणसं नेमल्या जागी उभी राहून त्याचीच वाट पाहत होती. देव पुन्हा पेठेत रात्र काढणार. या खेपेला तर ओरडणाराही कुणी नव्हता दोष द्यायला.

त्यानं शेजारी पाहिलं. “बाबा, काय करू?”

“मी दोराला आहे,” महंत म्हणाले.

“बाबा...”

महंतांनी दोरावरची पकड जरा नीट केली. बस.

मुकुंदगिरीनं मान वळवून मागं बघण्याचा प्रयत्न केला. रथ दिसेना. गल्लीचं तोंडही दिसेना. दिसत होते ते नुसते खांदे.

“उखर्डू,” तो म्हणाला, “गल्ली मोकळी आहे?”

“हो.”

“वळण बसेल?”

“डावी मोगरी अर्धी ठेवली तर बसेल.”

“हे मी सांगितलं होतं तुला?”

“नाही. ते चाकाकडं पाहूनच कळतं.”

मुकुंदगिरीनं मानेनं कमरेकडं खूण केली. “ते निशाण काढ आणि फेकून दे.”

“मग इशारा कोण देईल?”

“रस्ता तुला दिसतोय. मला दिसत नाही. तू ने.”

उखर्डूनं निशाण खस्सकन ओढलं, चुरगाळून गर्दीत भिरकावलं आणि तो उलट पावली पळाला. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, निशाण गेलं, आपापलं बघा रे.

आणि दोर ताठ झाला.

एवढ्या जोरात, की मुकुंदगिरी तोंडघशी पडता पडता वाचला. मागं मोगरी खडखडली, लाकूड कळवळलं, आणि रथ वळला. वळला, हे त्याला दोरावरून कळलं. गल्लीत शिरताच दुकानांची कापडी छपरं पटापट वर गुंडाळली जायला लागली. कुणी सांगितलं त्यांना? त्यानं नव्हतं सांगितलं. कुणीतरी वाटेतली हातगाडी उचलून ओट्यावर ठेवली. कासारणी दारातून ओंजळी भरभरून पाणी मारत होत्या, त्याच्या तोंडावर, महंतांच्या टकलावर. पुढच्या माणसाच्या टाचा, मागच्याचा श्वास, आणि तळहातांत जळणारा दोर. मुकुंदगिरी ओढत होता आणि हसत होता. का हसतोय ते त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायलाही सवड नव्हती. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

पार आलेला त्यानं पाहिला नाही. एकदम नदीवरचा वारा लागला आणि चारी बाजूंनी आरोळी उठली, तेव्हा त्याला कळलं. वळून पाहिलं तर कळसावर अजून ऊन होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला. मग डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

आरती झाली. महंत पाराच्या कडेला पाय सोडून बसले होते. मुकुंदगिरी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. तळहात सोलवटून निघाले होते.

“वेळेत आला, बाबा. पण मी आणला असं म्हणवत नाही.”

महंत पायांची धूळ झटकत राहिले.

“कारभार काढून घेणार असाल तर घ्या. माझी ना नाही.”

“पुढच्या सालीही तूच बघ,” महंत म्हणाले.

मुकुंदगिरी त्यांच्या पाया पडला. “मग एवढं सांगा... मी उभा कुठं राहू?”

महंतांनी हात पुढं केला. मुकुंदगिरीनं त्यांना आधार देऊन उठवलं.

“जिथून काही दिसत नाही, तिथं.”