उलट्या वाऱ्याची ओळख

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, नाहीतर त्या काळी सायकली होत्या का, यावरून तुम्ही माझ्याशी भांडत बसाल. या गोष्टीत सायकली होत्या, एवढं धरून चला.

डोंगरांच्या दोन रांगांमध्ये एक लांबट खोरं होतं. खोऱ्याच्या वरच्या टोकाला गाव आणि खालच्या टोकाला बाजार. तिथला वारा मोठा गुणी होता. सकाळी तो गावाकडून बाजाराकडे वाहायचा, आणि दिवस कलला की तोंड फिरवून बाजाराकडून गावाकडे. गावकरी सकाळी बाजाराला जायचे आणि संध्याकाळी परतायचे. त्यामुळे वारा जाताना पाठीशी आणि येतानाही पाठीशी. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं. गावातली म्हातारी माणसंही सायकलवर अशी सुटायची की परगावचे पाहुणे तोंडात बोट घालायचे. आपल्या पायांत काहीतरी खास आहे, अशी साऱ्या गावाची पक्की समजूत होती.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई राहायची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केस पांढरे होऊ लागलेले, पण सायकलवर बसली की तिच्या पुढं कोणी जायचं नाही. तिची एकुलती एक लेक राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या गावात दिली होती. थंडी सुरू झाली तेव्हा एक फिरता कासार बांगड्या घेऊन गावात आला आणि त्यानं लेकीचा निरोप सांगितला. तिला दिवस गेले होते, चैत्रात बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वैद्यांनी घाट चढायला बंदी केली होती. सासरच्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. लेक तिथं एकटीच घाबरून गेली होती.

सगुणा रात्रभर तळमळली. सकाळी उठून तिनं धाकट्या दिराला सांगितलं, "लेकीला माहेरी येता येत नाही ना? मग माहेरानंच तिच्याकडे जायचं."

दीर उत्साही गडी होता. सोबत येतो म्हणाला आणि त्याच दिवशी त्यानं आपल्या सायकलची घंटी घासूनपुसून लख्ख केली.

तयारी जोरात सुरू झाली. सगुणानं डिंकाचे लाडू वळले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. शेजारणींनी लोणच्याची बरणी दिली, पापडांचा डबा दिला, एकीनं तर लाकडी पाळणाच आणून ठेवला. सगळं बांधल्यावर सायकल लग्नाच्या घोड्यासारखी दिसू लागली. एवढं ओझं पेलतंय का पाहावं, म्हणून सगुणा एका सकाळी बाजाराला निघाली. नेहमीसारखीच भरधाव पोहोचली. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बाजाराबाहेरच्या तळ्यावर दर हिवाळ्यात करकोचे उतरायचे, कुठून कुठून देश ओलांडून. त्यातला एक म्हातारा करकोचा एका पायावर उभा राहून तिच्याकडे पाहत होता.

"कुठवर निघालीस, बाई?" त्यानं विचारलं.

सगुणानं सगळं सांगितलं. आपल्या वेगाबद्दल दोन शब्द जास्तच सांगितले.

"छान," करकोचा म्हणाला. "मग आत्ता, या घडीला, गावाकडे परत जाऊन दाखव."

भर सकाळी गावाकडे कोणी जायचं नसतं, एवढंच तिला माहीत होतं. का जायचं नसतं, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. तिनं सायकल वळवली आणि समोरून वारा छातीवर आला. पहिल्या चढापाशीच दम लागला. तिला वाटलं, ओझं जास्त झालं. पाळणा उतरवला, बरणी उतरवली, डबा उतरवला. तरी सायकल पुढं सरकेना. अखेर ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला रडू कोसळलं. लेक त्या टोकाला वाट बघतेय आणि आईला आपल्याच गावाचा रस्ता कापता येत नाही.

करकोचा उडत उडत तिच्याजवळ आला. "रडू नकोस," तो म्हणाला. "आजवर तू ज्याला आपलं बळ म्हणत होतीस, त्यातलं बरंचसं वाऱ्याचं होतं. तुझं किती, ते आज कळलं. आता ते वाढवता येईल. चैत्राला अजून अवकाश आहे."

त्या दिवसापासून सगुणानं उलटाच क्रम धरला. संध्याकाळी सगळं गाव बाजारातून परतायचं, तेव्हा ही बाजाराकडे निघायची. रात्री तिथल्या धर्मशाळेत अंग टाकायची. सकाळी गाव बाजाराला निघालं की ही गावाकडे. दोन्ही वेळा सगळं गाव तिला समोरून भेटायचं आणि दोन्ही वेळा हसायचं. दीर म्हणाला, "वहिनी, वाऱ्याशी कसलं भांडण मांडलंय?"

"भांडण नाही, भाऊजी, ओळख करून घेतेय," ती म्हणाली, आणि त्यालाही चल म्हणाली. पण समोरून सगळे हसत येणार, हे त्याला काही सोसेना. तो आपला वारा पाठीशी घेऊन घंटी वाजवत हिंडत राहिला.

सुरुवातीला ती निम्मी वाट सायकल हातात धरून चालायची. पोटऱ्यांत गोळे यायचे. हळूहळू चालणं कमी झालं. वाकून कसं बसायचं, दम कसा पुरवायचा, हे अंगानंच शिकून घेतलं. उंच बोचकं वारा धरतं हेही कळलं, म्हणून तिनं सामान खाली, दोन्ही बाजूंना चपटं बांधलं. पाळणा मायेनं परत केला. लाडू आणि दुपटी मात्र राहिली.

होळी झाली आणि दोघं निघाली. घाट चढून वर आली, तर पुढं नजर पोहोचेल तिथवर उघडा माळ आणि समोरून सोसाट्याचा वारा. दिराच्या तोंडचं पाणी पळालं. थोडं अंतर कसंबसं गेला आणि एका बाभळीखाली सायकल आडवी टाकून बसला.

"वहिनी, घाई कशाला? संध्याकाळी वारा फिरेल, मग जाऊ," तो म्हणाला. घरी तर वारा रोज फिरायचा.

सगुणाला ते पटलं नाही, पण त्याला एकट्याला सोडवेना. दोघं वाट पाहत बसली. दिवस कलला, सूर्य बुडाला. वारा समोरूनच येत राहिला.

दिराचा धीर सुटला. परत जाऊ म्हणाला. परत जाणं सोपंच होतं. सायकल नुसती वळवली असती, तर त्याच वाऱ्यानं दोघांना घाटापर्यंत अलगद नेऊन सोडलं असतं. सगुणालाही क्षणभर मोह झाला. मग तिचा हात दुपट्यांच्या गाठोड्यावर गेला.

"भाऊजी, हा आपल्या खोऱ्यातला वारा नाही. हा आपल्यासाठी फिरायचा नाही," ती म्हणाली. "उद्या पहाटे मी पुढं राहते. तुम्ही माझ्या चाकामागं चाक ठेवून या. वारा मी अडवते."

दुसऱ्या दिवशी पन्नाशीची वहिनी पुढं आणि तरणाताठा दीर तिच्या आडोशाला, अशी ती जोडी माळावरून निघाली. दिराला आधी लाज वाटली, मग हायसं वाटलं. पुढं त्याच्याही अंगात बळ आलं, तशी तोही आळीपाळीनं पुढं राहू लागला. माळ संपेपर्यंत घंटीला हात लावायची त्याला एकदाही आठवण झाली नाही.

चैत्र लागता लागता दोघं समुद्राकाठच्या गावात पोहोचली. लेक दारात बसली होती. आई एवढ्या लांब यायची नाही, असं सगळ्यांनी तिला समजावलं होतं, तरी ती रोज दारात बसायची. धुळीनं माखलेली आई दिसली आणि ती जड पावलांनी उठून तिच्या गळ्यात पडली.

"आई, वाटेत फार वारा लागला का गं?"

"लागला," सगुणा म्हणाली, "पण त्याची माझी आधीचीच ओळख होती."

पुढच्याच आठवड्यात लेक सुखरूप बाळंत झाली. नातीला पहिल्यांदा गुंडाळलं ते आजीनं आणलेल्या दुपट्यात.

महिन्या-दोन महिन्यांनी दोघं परतली, तेव्हा माळावरचा वारा त्यांच्या पाठीशी होता. दीर जाता-येता पोरांना सांगायचा, की येताना आम्हाला वाऱ्यानं आणलं, जाताना मात्र वहिनीनं नेलं. तेव्हापासून त्या खोऱ्यात मूल सायकल शिकलं, की त्याला आधी संध्याकाळी बाजाराच्या दिशेनं सोडतात. समोरून येणारी माणसं आता हसत नाहीत, बाजूला होऊन वाट देतात.

बोध एवढाच, की दूरच्या वाटेला निघायचं असेल, तर पाठीशी वारा असतानाच उलट्या वाऱ्याचा सराव करून घ्यावा.