विकायचे नसलेले लाटणे

एकदा एका बाजारगावात पोळपाट-लाटणी करून विकणारा एक कारागीर राहत होता. माल चोख, वृत्ती सरळ. पण माणूस अगदी मुखदुर्बळ. गिऱ्हाईक आले की भाव सांगावा आणि गप्प बसावे, एवढेच त्याला ठाऊक. समोरचा दुकानदार मात्र बोलघेवडा, त्याची सुमार लाटणीसुद्धा हातोहात खपत. दसऱ्यापर्यंत धंदा सावरला नाही तर दुकान मोडायचे आणि लाकडाच्या वखारीत हमालीला जायचे, असे कारागिराने मनाशी ठरवले होते.

शेवटचा उपाय म्हणून त्याने एक पाटी रंगवून घेतली : 'राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आमचीच लाटणी.' पहिल्याच दिवशी एका आजीने ती वाचली आणि विचारले, "कुठला रे राजा? आणि पोळ्या तोच लाटायचा की काय?" आजूबाजूचे खो खो हसले. कारागिराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो तडक आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. लहानपणी अक्षरे त्यांनीच गिरवून घेतली होती.

"गुरुजी, माल खपवायला गोष्ट लागते, आणि मला ती रचता येत नाही. तुम्ही एखादी रचून द्या."

"बाजाराच्या दिवशी येतो," गुरुजी म्हणाले.

ठरल्याप्रमाणे ते आले. मांडलेल्या मालाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मागच्या खुंटीवरच्या एका काळपटलेल्या लाटण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते दे."

"ते विकायचं नाही, गुरुजी."

"तू म्हणशील तो भाव देतो."

"नाही म्हटलं ना."

"एवढा काय तोरा? वाकडं तर आहे. चुलीत घालायच्या लायकीचं," गुरुजी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. रस्त्यावरची माणसे थबकली.

कधी न चिडणारा कारागीर चिडला. "चुलीत कसं घालू? माझ्या हातचं पहिलं लाटणं आहे ते. वाकडं झालं, तरी आई शेवटपर्यंत त्यानंच लाटत राहिली. नवं करून दिलं तर म्हणायची, 'असू दे, हाताला याची सवय झालीय.' ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं, की त्यानं तिचं मनगट दुखायचं. तेव्हापासून प्रत्येक लाटणं मी फळीवर फिरवून बघतो. जरा डुगडुगलं तरी विकत नाही. दुसऱ्या कुणाच्या आईचं मनगट दुखायला नको."

बोलून झाल्यावर त्याला भान आले. दुकानापुढे बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "मला दाखवा बघू फिरवून." त्याने फिरवले. लाटणे सरळ, अलगद गेले. तिने ते घेतले, दुसरीने दोन घेतली. बाजार उठेपर्यंत मालाची टोपली निम्म्याहून अधिक रिकामी झाली होती आणि वखारीचा विचार कारागिराच्या मनातही उरला नव्हता.

"गुरुजी, तुम्ही मला चिडवायलाच आला होतात," तो हसून म्हणाला.

"दुसरा इलाज नव्हता. अरे, राजवाडा तू पाहिलेला नाहीस, त्याविषयी काय बोलणार? जी वस्तू माणूस काही केल्या सोडत नाही, तिच्यापाशी त्याची खरी गोष्ट असते. ती सजवू नकोस. आणि माल तिला साजेसाच ठेव, नाहीतर आईच्या नावावर लबाडी होईल."

कारागिराला ते पटले; पण शंका उरली. "एकच गोष्ट रोज किती सांगू?"

"त्या बाईनं दोन लाटणी घेतली. दुसरं कुणासाठी, हे विचारलंस?"

"नाही."

"मग तुझी दुसरी गोष्ट ती पिशवीत घालून घेऊन गेली."

एवढ्यात एक वयस्क गृहस्थ दुकानाशी आले. "लाटणं केवढ्याला?"

भाव ओठांवर आला होता. पण कारागिराने तो गिळला. बसायला पाट पुढे सरकवला. "बसा ना काका. घरी लाटतं कोण?"

गृहस्थ पाटावर टेकले. म्हणाले, "आता मीच."

कारागीर हातातले काम बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसला.