थोरल्या भोयाचा हात

पुष्कळ वर्षांपूर्वी, राजे होते पण त्यांची नावं लिहून ठेवायला कोणाला सवड नव्हती अशा काळात, डोंगरांच्या मधोमध एक मोठं तळं होतं. अलीकडच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडची गाय मुंगीएवढी दिसायची.

तळ्यात मासे तऱ्हेतऱ्हेचे होते, पण मान होता तो पट्टेऱ्याला. रुपेरी अंगावर काळ्या रेघा, हातभर लांबी, आणि खाण्याच्या बाबतीत भारी चिकित्सक. कणकेची गोळी त्याला चालत नसे, गांडूळ चालत नसे, मेलेली मासळी तर तो नुसती हुंगून निघून जाई. त्याला लागे बोटाएवढी, जिवंत, पोहणारी मासळी, आणि तीच गळाला लावावी लागे. मासळीच्या बाजूनं बघाल तर ही गोष्ट काही गोड नाही, हे मलाही कळतं. पण काठावरच्या भोयांची चूल पट्टेऱ्यावर पेटत होती.

जिवंत मासळी गळाला लावणं हे मोठं नाजूक काम. गळाचं टोक पाठीवरच्या पराच्या मुळाशी, कातडीतून जेमतेम आरपार काढायचं. केसभर खाली गेलं की मासळी उलटी होते, पांढरं पोट वर करते आणि संपते. नीट लागलं तर मात्र ती गळासकट पोहत राहते, आणि पट्टेरी तिच्यामागे येतो.

या कामात वस्तीतल्या एका म्हाताऱ्या भोयाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे त्याला थोरला म्हणत, आणि समोर असला की आबा. त्याच्या गळाची मासळी सकाळी पाण्यात सोडली तर दुपारपर्यंत पोहायची. बायको होती तेव्हाही तो होडीत एकटा जाई, ती गेल्यावरही एकटाच जाऊ लागला. सकाळी त्यानं हनुवटी ज्या बाजूला वळवली, त्या बाजूला सगळ्या होड्या निघत. थोरल्यानं भात कच्चा आहे म्हटलं असतं, तर शिजलेला भात लोकांनी परत चुलीवर ठेवला असता.

आता ही बोटभर मासळी यायची कुठून? तळ्याला एक ओढा मिळत होता, आणि त्याच्या मुखाशी मासळी धरायचा मान एकाच घराला होता. सगळेच तिथं उतरले असते तर पाणी गढूळ होऊन मासळी पळाली असती, म्हणून जुन्यांनी हा नियम घातला होता. त्या काळी तो मान एका विधवेकडे होता. तिला सगळे ओढेकरीण म्हणत. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती पहाटे ओढ्यात उतरून मऊ फडक्यानं मासळी धरी. कोरड्या हातानं मासळीला कधी शिवत नसे. ती मडक्यात सोडून वर करंजाच्या डहाळ्या झाकी, आणि प्रत्येक होडीला वाटून देई. संध्याकाळी प्रत्येक होडी तिला एक मासा देई. त्यावर दोघींचं चालत होतं.

एके वर्षी थोरल्याचा हात कापू लागला.

आधी पागोट्याला पीळ घालताना कापला. त्यानं ते थंडीवर ढकललं. मग उन्हाळा आला, आणि ढकलायला थंडीही उरली नाही. एका सकाळी होडीत बसून त्यानं गळ मासळीला लावला, तो केसभर खाली गेला. मासळीनं पोट वर केलं. दुसरी घेतली, तिचंही तेच झालं. तिसरी, चौथी. पट्टेरी आला, हुंगून गेला. त्या दिवशी थोरला रिकाम्या हातानं परतला, आणि असं यापूर्वी कधी झालं होतं ते वस्तीत कोणालाच आठवेना.

“आबा, आज काय झालं?” काठावर कोणीतरी विचारलं.

खरं सांगायला म्हणूनच त्यानं तोंड उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. “मासळीत जीवच नव्हता आज.”

त्याला कोणाचं वाईट करायचं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. एका दिवसापुरती त्यानं लाज झाकली होती. पण दुसऱ्या दिवशीही हात कापला आणि दुसऱ्या दिवशीही तेच वाक्य हाताशी तयार होतं. तिसऱ्या दिवशी तर ते त्याला बोलावंही लागलं नाही. दुसऱ्याच एका भोयाला कमी मासे मिळाले होते, तोच म्हणाला, “ओढ्याची मासळीच मलूल हाय. आबा उगीच बोलत न्हाईत.”

हां हां म्हणता बोभाटा झाला. एका होडीनं ओढेकरणीची मासळी घेणं बंद करून तळ्याच्या काठानं सापडेल तेवढी धरायला घेतली, मग दुसरीनं, मग पाचांनी. संध्याकाळी तिच्या टोपलीत सात-आठ मासे पडत, तिथं दोन पडू लागले.

आणि ओढेकरणीनं काय केलं? भांडली नाही. थोरल्याचा शब्द तिनंही खरा मानला. आपलंच काही चुकतंय म्हणून तिनं नवं मडकं आणलं, दिवसातून चारदा पाणी बदललं, अजून वरच्या अंगाला, काट्याकुट्यांत जाऊन मासळी धरली. पाय सोलून निघाले तरी मासळीची काळजी तिला जास्त. शेवटी ती थोरल्याच्या दारात आली.

“आबा, मासळीत काय कमी हाय तेवढं सांगा. तुमच्याबिगर कुणाला कळणार?”

थोरला जाळं विणत होता. त्यानं हात जाळ्याखाली घेतले. “पाणी बदलत जा.”

“बदलते.”

“सावली ठेव वर.”

“ठेवते की.”

“मग...” थोरल्यानं नजर ओढ्याकडे वळवली. “मग ओढ्यालाच ठाऊक.”

ती मान हलवून निघून गेली. त्या दिवशी थोरल्याला जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. पण उद्या उगवला आणि त्याला वाटलं, हे कळलं तर उद्यापासून मला विचारणार कोण? सगळा जन्म ज्या हातावर गेला, तो हातच गेला म्हटल्यावर माझ्यात राहिलं काय? अशा वेळी माणसाला आपली भीती डोंगराएवढी दिसते आणि दुसऱ्याची उपासमार दिसतच नाही.

महिन्याभरात वस्ती जांभळीखाली जमली. वस्तीचा कारभारी म्हणाला, “ओढ्याचा मान दुसऱ्या घराला द्यावा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. पण एवढी मोठी गोष्ट एकदम करू नये. उद्या आबांनी तिचीच मासळी घेऊन जावं. येऊन जे सांगतील ते शेवटचं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा ओढेकरीण उभी राहिली. “माझं एक मागणं हाय. मला होडीत येऊ द्या. माझी मासळी कशी मरती ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या.”

थोरला कोणाला होडीत घेत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा होडी तळ्याच्या मध्यावर होती. पाणी आरशासारखं थिर होतं. ओढेकरणीनं हात ओला केला, मडक्यातून मासळी काढली आणि थोरल्याच्या तळहातावर ठेवली. मासळी चांगली तडफदार होती. थोरल्यानं गळ उचलला. हात कापला, टोक खोल गेलं, मासळीनं पोट वर केलं.

ओढेकरणीनं मासळीकडे पाहिलं. मग दुसरी दिली. ती गेली तेव्हा तिनं मासळीकडे पाहिलंच नाही, ती हाताकडे पाहत होती.

थोरल्याच्या लक्षात आलं की हिला कळलं. त्यानं गळ मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. आता ही बोलेल. महिनाभर उपाशी राहिलेली बाई जे बोलते ते सगळं बोलेल, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नसेल. तो वाट पाहत राहिला.

“आबा,” ती म्हणाली, “आज वारं लई सुटलंय. होडी हलतीया. आणा हिकडं, मी लावते. तुम्ही नुसतं सांगा.”

वाऱ्याची झुळूकही नव्हती.

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं गळ तिच्या हातात दिला.

“पराच्या मुळाशी,” तो म्हणाला. “एवढं खाली न्हाई. वर घे. अजून केसभर. हां, आता सोड.”

तिनं याआधी कधी गळ लावला नव्हता, पण मासळीला दुखवायचं नाही हे तिच्या बोटांना जन्माचं ठाऊक होतं. मासळी पाण्यात गेली आणि शेपूट हलवत पोहू लागली. दोघं दोरीकडे बघत बसले. सूर्य आणखी हातभर वर आला असेल नसेल, तोच दोरी ताणली गेली. ओढायला कापरा हातही चालतो. दोघांनी मिळून ओढलं, आणि होडीत पडला तो चांगला दीड हाताचा पट्टेरी.

काठावर सगळी वस्ती उभी होती. मासा दिसताच लोक पुढे सरसावले. कारभारी थोरल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “मलूल मासळीवर एवढा मोठा पट्टेरी! हात असावा तर असा.”

लोक हो हो म्हणाले. म्हणजे बघा, मासा मिळाला तर हात चांगला, आणि न मिळाला तर मासळी वाईट. लोकांचा हिशोब एकदा बसला की त्यात खऱ्यालाही शिरायला फट सापडत नाही.

ओढेकरीण मडकं कडेवर घेऊन बाजूला उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं.

“आबा, सांगा मग,” कारभारी म्हणाला. “मासळी कशी निघाली?”

थोरल्याला एक सोपी वाट दिसली. आज मासळी बरी होती, एवढं म्हटलं की झालं. तिचा मान तिच्याकडे राहील, आपलं नाव आपल्याकडे राहील, सगळे घरी जातील. पण मग मागचा महिना? त्या महिन्यात तिची मासळी वाईटच होती, असं लोक जन्मभर म्हणत राहतील. आणि तीही ते मुकाट ऐकून घेत राहील.

त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. लोक आधी हाताकडे बघत राहिले, काय बघायचं ते न कळून. मग कळलं. हात वाऱ्यातल्या पानासारखा कापत होता.

“मासळीला काही झालं नव्हतं,” थोरला म्हणाला. “कवाच न्हाई. झालं ते ह्या हाताला. म्या ते झाकलं आणि हिच्या माथी मारलं. आजचा गळ हिनं लावला. मासा हिचा हाय.”

मागून एक जण फिसकन हसला, पण त्याला सोबत मिळाली नाही. थोरला ओढेकरणीकडे वळला. “पोरी, तुझ्या घरात महिनाभर चूल धड पेटली न्हाई ती माझ्यापायी. मला माफ कर म्हणायलाही तोंड न्हाई.”

“म्हणू नका, आबा,” ती म्हणाली. तेवढंच बोलून तिनं पदरानं डोळे पुसले. स्वतःच्या मासळीवरचा कलंक गेला, याचं ते रडू होतं.

ओढ्याचा मान तिच्याकडेच राहिला. आणि थोरल्याचं नाव? ते गेलं, खोटं कशाला सांगू. ‘हात असावा तर असा’ हे त्याच्याबद्दल पुन्हा कोणी म्हटलं नाही, आणि ते त्याला लागलं. त्या दिवशी तो घरी गेला तो दुसऱ्या सकाळी होडीकडे फिरकायचंच नाही असं ठरवून.

पण दुसऱ्या सकाळी त्याच्या दारात तीन भोई उभे होते, चांगले मिशा पिकायला आलेले. तिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. शेवटी एक जण खाली बघत म्हणाला, “आबा, केसभर म्हंजी किती, ते जरा दाखवाल का? आमच्याबी मासळ्या मरत्यात. कैक वर्षं मरत्यात. लाजंपायी कधी इचारलंच न्हाई, आणि तुम्ही मासळीला नाव ठेवलंत तेव्हा आम्हीबी ठेवलं.”

थोरल्यानं पागोटं गुंडाळलं, पीळ वाकडाच बसला, आणि तो त्यांच्याबरोबर निघाला.

तात्पर्य: आपली उणीव लपवली की तिची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते, ती बोलून दाखवली की तिला सोबत मिळते.